एडिनबरापर्यंतची तालीम

काळजी करायला मला कधी कारण लागलं नाही. गॅस बंद केला की नाही या शंकेने अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून घरी आलेला मी माणूस. आपल्याकडे गॅस नाहीच, इलेक्ट्रिक कुकर आहे, असं बायकोने दारातच सांगितलं, तरी आत जाऊन खात्री करून आलो. त्यामुळे जपानहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला काळजीने घेरलं, यात नवल काही नाही.

गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. आम्ही कॉव्हेंट्रीला राहत होतो. मी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात, बायको हॉस्पिटलात डॉक्टर, आणि सात वर्षांची मुलगी. वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली होती. बहीण मात्र नवऱ्याच्या नोकरीपायी थेट ओकायामाला जाऊन पडली होती. तिथे ना कोणी नात्याचं, ना भाषेचं. आदल्या वर्षी तिचं सहाव्या महिन्यात मूल गेलं होतं. त्या वेळी आईचे व्हिसाचे कागद इथल्या ऑफिसात अडकलेले, माझी रजा संपलेली, बायकोच्या ड्यूट्या लागलेल्या. कोणी म्हणजे कोणी गेलं नाही. फोनवर ती रडायची आणि आम्ही इकडे मिनिटागणिक ‘सावर गं, सावर’ एवढंच म्हणायचो.

“या वेळी मला आई हवी,” ती फोनवर म्हणाली. “बाकी काही नको.”

आईने माझ्या हातातला रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, “येते मी. रडू नकोस.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. आईने जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली. लेस्टरच्या भारतीय दुकानांतून डिंक आणि अळीव आणायला मला पिटाळलं. बाळंतशोपा भाजल्याचा वास पार शेजारच्या इंग्रज बाईच्या बागेपर्यंत गेला, आणि तिने कुंपणावरून विचारलं, की काही जळतंय का. आई खुशीत होती. कित्येक महिन्यांत इतकी खुशीत पाहिली नव्हती.

मी अर्थात प्रवासाच्या काळजीला लागलो. विमानाचं मला विशेष वाटत नव्हतं. मुंबईहून हीथ्रोपर्यंत ती एकटी आली होती. एकदा खुर्चीत बसवलं की माणूस दुसऱ्या टोकाला उतरतो. खरा प्रश्न पुढचा होता. टोकियोहून ओकायामाला बुलेट ट्रेनने चारेक तास. मेव्हणे तिला घ्यायला विमानतळावर येणार होते, पण माझं समाधान होईना. आईचे गुडघे, आईचं वय, तो अफाट वेग. तिला चक्कर आली तर? कानात दडे बसले तर? चुकीच्या स्टेशनावर उतरली तर?

काळजीवर माझ्याकडे एकच औषध आहे, माहिती. मी लंडनला जाऊन पर्यटनाची पत्रकं आणली. लायब्ररीत रेल्वेची पुस्तकं पालथी घातली. आमच्या कारखान्यात एक जपानी इंजिनिअर नवीन मशीन बसवायला आला होता, त्याला कँटीनमध्ये गाठून मी रोज इतकं पिडायचो, की तो मला पाहिलं की आपला ट्रे उचलून दुसरं टेबल शोधायचा. महिनाभरात त्या गाड्यांबद्दल मला इतकं कळलं होतं, की मी डोळे मिटून त्यांच्या डब्यांतून फिरून आलो असतो.

एका रविवारी दुपारी मी टेबलावर सगळी पत्रकं मांडली आणि आईला समोर बसवलं. ती मटार सोलत होती.

“हे बघ, आई. दोन मॉडेल्स आहेत. ही जुनी, नाक गोल, आपल्या बुंदीच्या लाडवासारखं. आणि ही नवी, टोकदार. आपण तुला नवीत बसवायचं.”

“का? जुनी बंद पडते?”

“छे! पंचवीस वर्षं धावतेय, एकदम सेफ. पण जुनीत तिघांची जी सीट असते ती फिरत नाही. अर्ध्या डब्याला सगळा प्रवास उलटं तोंड करून बसावं लागतं. नवीत सगळ्या सीट फिरतात. शिवाय पाय ठेवायला ऐसपैस जागा. दाराच्या वर लाल अक्षरांत पुढचं स्टेशन लिहून येतं, इंग्लिशमध्येसुद्धा. आणि मध्ये दुमजली डबे आहेत.”

“डब्याला मजले?”

“वर डायनिंग कार. मोठाल्या खिडक्या. जेवता जेवता हा चित्रातला बर्फाचा डोंगर बघायचा.”

“वर म्हणजे जिन्याने चढायचं?” आईने मटाराची शेंग हातात तशीच धरली.

“चढायलाच हवं असं नाही गं. ट्रॉली येते ना सीटपाशी. ट्रॉलीवाली बाई आत आली की आधी वाकून नमस्कार करते, जाताना परत वाकते. आणि खालच्या मजल्यावर छोट्या छोट्या खोल्या आहेत, दार लावून बसता येतं. महाग आहेत, पण तू म्हणशील तर विचारतो. आणि प्यायच्या पाण्याचं मशीन. कागदाचे पेले असतात, पाकिटासारखे चपटे, बोटाने उघडायचे आणि खाली धरायचे.”

आई हसली. पाकिटातून पाणी प्यायची कल्पना तिला आवडली असावी. मुलगी मध्येच येऊन, “आजी, तो ट्रेन प्लेनपेक्षा फास्ट आहे का?” विचारून गेली. मला चेव चढला. जुन्या गाडीच्या बुफे डब्यात वेग दाखवणारा काटा असतो, गाडीतून फोनसुद्धा करता येतो, सगळं सगळं सांगितलं. आणि शेवटी, एखाद्या सेल्समनने राखून ठेवावी तशी राखून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

“आणि खास तुझ्यासाठी म्हणजे, गाडीत आपल्या पद्धतीचा संडास असतो! इथल्यासारखं खुर्चीत बसल्यासारखं नाही. आता बोल!”

बहिणीनेही हेच कौतुकाने फोनवर सांगितलं होतं, की आई, इथे सगळीकडे अगदी आपल्यासारखेच असतात, तुला घरी आल्यासारखं वाटेल. आम्ही दोघंही भावंडं त्या एका सोयीवर भलतीच खूश होतो.

“बरं झालं,” आई म्हणाली आणि मटार आत घेऊन गेली.

त्या आठवड्यातच आई बदलली. आधी म्हणाली, तिकडे थंडी फार असते म्हणे. मग म्हणाली, तुझ्या बायकोला हॉस्पिटल आणि घर दोन्ही कसं झेपेल. मग पोरीची शाळा. मग स्वतःचं ब्लडप्रेशर. दर दोन दिवसांनी नवं कारण. एका संध्याकाळी सरळ म्हणाली, “मी नाही गेले तर चालणार नाही का रे? लाडू, दुपटी, कुंची, सगळं पार्सल करून पाठव.”

हे म्हणताना ती कुंचीला लेसच लावत होती. लाल मऊ कापडाची, कानावर येईल अशी. दोरा दाताने तोडून तिने ती आपल्या मुठीवर चढवून पाहिली, किती वेळ पाहत राहिली, आणि घडी करून ठेवली.

मला काही कळेना. जाणार नाही म्हणते आणि रोज मशीनवर बसते. बहिणीला काय सांगायचं? तिचे आठवड्यातून दोनदा फोन. “दादा, आईचा व्हिसा आला का? दादा, आईला लोकरीचे मोजे घेऊन दे. दादा, रात्री पोटात हालचाल कळली नाही की मी उठून बसते रे.” मी प्रत्येक फोनला “हो हो, सगळं चाललंय” म्हणायचो.  आई गेली नाही आणि पुन्हा तसंच काही झालं तर त्या घरात ती पुन्हा एकटीच असणार, हे एवढं एक वाक्य दिवसभर डोक्यात फिरायचं. ऑफिसात रेघ मारताना हात थांबायचा.

“त्यांना स्पीडची भीती वाटतेय,” बायको म्हणाली. “तू इतकं सांगितलंस ना, घाबरवून टाकलंस.”

ते मला पटलं. म्हणून मी आणखी माहिती गोळा केली. गाडी सुटताना धक्का बसत नाही, वळणावर कलंडत नाही, टेबलावर ठेवलेला चहा हिंदकळत नाही. रोज जेवताना एकेक गोष्ट सांगायचो. आई “हो का?” म्हणायची आणि पोळी वाढायची. तिची देवपूजा हल्ली स्टुलावर बसून चालायची. खालची फरशी गार लागते म्हणायची, आणि मी त्यावर एक गालिचा आणून टाकला होता. तरी ती स्टुलावरच बसायची. माझ्यासारख्या शंकेखोर माणसाला तिथे काही शंका आली नाही. मी गाडीच्या काळजीत होतो.

आमच्या धंद्यात कुठलंही मशीन ट्रायल घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाही. आधी रिकामं चालवायचं, मग भार टाकून, आणि कुठे कुरकुरतं ते पाहायचं. तसंच आईच्या प्रवासाचं करावं असं माझ्या डोक्यात आलं. एडिनबराला आमच्या ओळखीचं एक मराठी डॉक्टर जोडपं होतं, कधीपासून बोलावत होतं. इथून एडिनबरा म्हणजे साधारण टोकियो-ओकायामाइतकाच वेळ, थोडा जास्तच. इथली जलद गाडी त्यांच्याइतकी जलद नाही, पण बसण्याची सवय होईल, भीती मोडेल.

“आई, रंगीत तालीम करूया,” मी म्हणालो. नाही म्हणेल अशी तयारी ठेवूनच म्हणालो.

आईने विचारलं, “किती तास लागतात?”

“पाचाच्या वर. बर्मिंगहॅमला गाडी बदलून.”

“आणि तिकडे चार ना?”

“चारच्या आसपास.”

“मग होऊन जाऊ दे,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी ठरवल्यासारखं दिसलं. मला वाटलं, चला, आपली युक्ती लागू पडली.

शनिवारी सकाळी निघालो. आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, पण ती माझ्यासाठी. तिने सकाळचा चहा घेतला नाही. उपास आहे म्हणाली. शनिवारचा उपास तिने कधी केला नव्हता, पण आईच्या उपासांचा हिशेब कोण ठेवतो!

बर्मिंगहॅमला गाडी बदलली आणि खिडकीशी जागा मिळाली. मी लगेच ट्रायल सुरू केली. “बघ आई, आता वेग वाढतोय. होतंय का काही? नाही ना? तिथे याच्याहून स्मूथ.” आई खिडकीबाहेर बघत होती. पाय जुळवून, हातात हात घट्ट धरून, खुर्चीच्या अगदी कडेला. क्रू स्टेशन गेलं, प्रेस्टन गेलं. मी बुफेतून तिच्यासाठी चहा आणला, झाकणाचा कप, दोन बिस्किटं. तिने कप माझ्याकडे सरकवला.

“उपासाला चहा चालतो की.”

“नको म्हटलं ना.”

“मग पाणी तरी.”

“नको रे बाबा. तू पी.”

तिचा आवाज जरा तुटकच होता. माझी नजर तिच्यावरून हटेना. ओठ सुकून पांढरे पडले होते. अधूनमधून ती मनगटावरचं घड्याळ बघायची आणि पुन्हा बाहेर. मला वाटलं, घाबरलीय. मी तिला वेगाबद्दल, डब्याच्या स्प्रिंगबद्दल काहीबाही सांगत राहिलो. बडबड केली की माझी स्वतःची भीती जरा कमी होते. समोरच्या सीटवरचा गोरा म्हातारा पेपरच्या वरून माझ्याकडे बघून पुन्हा पेपरात गेला.

कार्लाइल सोडलं आणि थोड्या वेळाने, दोन्हीकडे नुसते मेंढ्यांचे डोंगर असताना, गाडी थांबली. पाच-दहा मिनिटं गेली. सिग्नलचं काहीतरी आहे, सॉरी, अशी घोषणा झाली. मी उठून खिडकीतून पुढे पाहिलं, परत बसलो, परत उठलो.

“किती वेळ थांबेल?” आईने विचारलं.

“सांगता येत नाही.”

“अंदाजे सांग ना.”

मी वळून पाहिलं तर तिच्या कपाळावर घाम होता. त्या गार डब्यात. हात धरला तर थंडगार.  हार्ट अटॅक, माझ्या डोक्यात पहिला विचार तोच. डोंगरात अडकलेली गाडी, डॉक्टर नाही, आणि ही ट्रायल माझी! मी बाटली उघडून तिच्या तोंडाला लावायला गेलो.

“आई, दोन घोट घे. तुला चक्कर येतेय.”

तिने बाटली हाताने ढकलली. पाणी माझ्या पँटवर सांडलं. “नको ना रे! पाणी घेतलं की उठावं लागतं. मला आधीच धरवत नाहीये.”

ती हे मराठीत बोलली, पण इतक्या हळू, जणू डब्यातल्या सगळ्यांना मराठी येतं.

“अगं मग जाऊन ये ना. हा काय, डब्याच्या टोकाला तर आहे.”

“मग तालीम कसली?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “तू तुझी तालीम करतोयस, मी माझी. कालपासून पाणी घेतलं नाही. न उठता इतके तास बसता येतंय का ते बघत होते. चार तास निघाले असते तर जाणार होते मी पोरीकडे. नाही जमत. नाही होत माझ्याच्याने.”

“पण न उठता कशाला?”

 तिने पदराने कपाळ पुसलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मला खाली बसता येत नाही रे आता. दोन वर्षं झाली. बसले तर उठता येत नाही. आणि तुम्ही दोघं मेले मला सांगता, आपल्या पद्धतीचा आहे, आपल्या पद्धतीचा आहे. त्या धावत्या गाडीत मी खाली बसले आणि उठता आलं नाही, तर कोणाला हाक मारू? जावईबापूंना? त्यांनी मला तिथून उचलायचं?”

 मी तिला हाताला धरून उठवलं. डब्याच्या टोकापर्यंत नेलं. ती आत गेली आणि कडी लावायच्या आधी म्हणाली, “दाराशी उभा राहा. जाऊ नकोस.” मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. पेपरवाला म्हातारा मागून आला. मी त्याला म्हणालो, “माय मदर.” त्याने मान हलवली आणि पुढच्या डब्यात गेला. बाहेर मेंढ्या चरत होत्या. मला रडू आवरेना, आणि लाजही वाटत होती, आणि रागही येत होता, नक्की कोणाचा ते कळत नव्हतं.

कारण दोन्ही प्रकार असतात हे मला ठाऊक होतं. नवी गाडी असो की जुनी, एक दार त्यांच्या पद्धतीचं आणि त्याच्या शेजारचं इथल्यासारखं, बसायचं. त्या जपानी इंजिनिअरने सांगितलं होतं. त्याला तर ते सांगतानाही ओशाळल्यासारखं झालं होतं, परदेशी लोकांना आमची पद्धत जमत नाही, म्हणून दुसरं ठेवलं आहे, आणि मी त्याला मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, माझ्या आईला तुमचंच आवडेल. सीट किती फिरते, काटा कुठे आहे, खोलीला दार कसं आहे, सगळं तिच्यापुढे मांडलं. एवढं एक वगळलं. आई म्हणजे गावाकडून आलेली बाई, तिला खुर्चीचा संडास सोसावा लागतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. तिला तो सुखाचा झाला असेल हे आमच्या मनात आलं नाही आणि ते बोलायची तिला चोरी.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला, पण कपाळावरचा घाम गेला होता. गाडी हलली. आम्ही जागेवर येऊन बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं.

“काहीतरीच,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.”

“अगं खरंच, दोन्ही असतात.”

“मग आधी का नाही सांगितलंस? एवढं सगळं सांगितलंस, कागदाच्या पेल्यापर्यंत.”

 पत्रकं सोबत होती, ती मी उलटीपालटी केली. डायनिंग कार होती, डोंगर होता, वाकून नमस्कार करणारी बाई होती. संडासाचा फोटो कोण छापणार! आईने पत्रकं माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली. एडिनबरापर्यंत तिने पाण्याला हात लावला नाही. 

डॉक्टर मित्राच्या घरी पोचल्या पोचल्या, पायातले बूट न काढता मी विचारलं, जपानला एक फोन लावू का. तिकडे झोपायची वेळ झाली होती. बहीण घाबरीघुबरी होऊन फोनवर आली. मी गाडीतल्या संडासाबद्दल विचारतोय हे कळल्यावर आधी ती भडकलीच.

“दादा, यासाठी उठवलंस? असतो ना वेस्टर्न! दोन्ही असतात. मी तोच वापरते. हे एवढं पोट घेऊन मी काय खाली बसणार आहे?”

“घरीसुद्धा?”

“घरी तर वेस्टर्नच आहे. आईला फोन दे बघू.”

मी रिसीव्हर आईला दिला. बहीण काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. आई नुसती “हो… हो का… अगंबाई” करत होती. मग एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता जवळच्या खुर्चीत बसली. “दोघींचंही तेच की गं मग,” ती म्हणाली. “येते मी. आता नक्की येते.”

त्या संध्याकाळी तिने मित्राच्या बायकोकडून मागून मागून तीन कप चहा घेतला. मी मोजले नाहीत असं कसं म्हणू, मोजलेच.

पुढचे दोन महिने बहीण फोनवरून आईला एकच जपानी शब्द शिकवत होती. ओतेआराई. म्हणजे बाथरूम. आई पोळ्या लाटताना तो म्हणायची, लाटण्याच्या लयीत, एखादं स्तोत्र म्हणावं तसा. आमची मुलगी तिची परीक्षा घ्यायची. व्हिसा आला, लाडवांचे डबे भरले, मोजे घेतले. मी नव्या नाकाच्या गाडीच्या वेळा काढून मेव्हण्यांना दोनदा कळवल्या.

शनिवारी संध्याकाळी हीथ्रोवर आई आत गेली तेव्हा मागे वळून हात केला, आणि मला म्हणाली, “जेवत जा वेळेवर.” आम्ही मोटारीने कॉव्हेंट्रीला परतलो. दाराला किल्ली लावतोय तोच आत फोन वाजत होता.

मेव्हणे होते. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. तीन आठवडे आधी. तिला दवाखान्यात नेलं होतं आणि ते तिथून हलू शकत नव्हते. आईला घ्यायला त्यांच्या ऑफिसातल्या एका माणसाची बायको टोकियोला निघाली होती. चांगली बाई आहे, ते म्हणाले. इंग्लिश मात्र येत नाही.

“कुठली गाडी पकडतील?” मी विचारलं.

“आता जी मिळेल ती,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवार कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. आई हवेत, बहीण कळा देत, आणि मी कॉव्हेंट्रीत फोनशेजारच्या खुर्चीत. बायकोने डॉक्टर म्हणून मला दहा वेळा समजावलं, की तीन आठवडे म्हणजे काही फार आधी नाही, बाळ ठीक असतं. तिचाही आवाज मधूनच बदलायचा. जेवण तसंच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर एक परकी बाई आणि माझी आई, एका सीटवर शेजारी शेजारी, एकमेकींचं एक अक्षर न कळणाऱ्या. गाडी जुनी मिळाली असेल. उलटं तोंड करून बसली असेल. पाय जुळवून, हातात हात घट्ट धरून, खुर्चीच्या कडेला. कुणाला काही विचारत नसेल. तिचा स्वभावच नाही विचारण्याचा. आणि ती पोचेपर्यंत तिकडे काय झालेलं असेल?

दुपार टळून गेल्यावर फोन वाजला. उचलताना माझ्या हातून तो एकदा निसटला.

“मुलगी झाली,” आईचा आवाज आला. “दोघी बऱ्या आहेत. लहानशी आहे, पण रडते खणखणीत. कुंची मोठी होतेय तिला.”

मी बायकोकडे वळलो. तिला हातानेच सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला. मला आईला खूप काही विचारायचं होतं, पण तोंडून निघालं ते माझ्या स्वभावाला शोभेल असंच निघालं.

“आई, गाडी कुठली मिळाली? नवी की जुनी?”

“ते मला काय कळतंय? त्या बाईने हात धरून बसवलं, मी बसले.”  मागे कुठेतरी बाळ रडत होतं. “पण पाणी प्यायले हो मी. दोन पेले. तुझ्या त्या पाकिटातून.”